हनली बांधा, पण आत बसलेली आठ माणसंपण बांधा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एक विनंती घेऊन लिहितोय आणि विनंती जरा लांबलचक आहे, तेव्हा जागा असेल तशी छापा, हवं तर दोन भागांत छापा, पण मधला भाग कापू नका एवढंच. माझा भाचा आणि त्याचे सोसायटीतले मित्र सध्या माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे चौकोनी ब्लॉक रचून काहीही बांधता येतं त्या कॉम्प्युटर गेममध्ये, 'एच. एल. हनली' नावाची पाणबुडी बांधतायत. हाताने क्रँक म्हणजे वाकवलेला दांडा फिरवून चालणारी, अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, शत्रूचं जहाज बुडवणारी जगातली पहिली पाणबुडी. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, सगळी उमर लेथ आणि ड्रिल मशीनपाशी गेली, आता नव्या पोरांना फिटरचं ट्रेनिंग देतो, त्यामुळे भाच्याने "मामा, हिचा क्रँक ब्लॉकमध्ये कसा दाखवू?" असं विचारलं आणि मी त्यात पूर्ण शिरलो. आता मला मनापासून असं वाटतं की ही पाणबुडी बाहेरून बांधणं सोपं आहे आणि बहुतेक जण बाहेरूनच बांधतात, पण हिची सगळी गोष्ट आत आहे, चार फूट उंचीच्या लोखंडी नळीत, आणि बांधायची तर ती आतून बांधली पाहिजे. हे मला आपल्या मुलांच्या पानामार्फत पोरांना सांगायचंय, त्यांच्या आईबापांनापण सांगायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं युद्ध झालं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, म्हणजे कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बंदुका दारूगोळा आत येऊ द्यायचा नाही. दक्षिणेकडे तोडीस तोड जहाजं नव्हती, म्हणून काही लोकांनी पाण्याखालून जाऊन जहाज उडवायचा मार्ग धरला. होरेस लॉसन हनली हा पैसे उभे करणारा, आणि जेम्स मॅक्लिंटॉक, बॅक्स्टर वॉटसन हे दोघं मशीनवाले. पहिली पाणबुडी 'पायोनियर' न्यू ऑर्लिन्सला बांधली, १८६२ मध्ये ते शहर हातातून जायला लागलं तेव्हा त्यांनी ती स्वतःच बुडवून टाकली. दुसरी 'अमेरिकन डायव्हर' अलाबामातल्या मोबील बंदरात, तिच्यासाठी आधी विजेवरचं इंजिन करून बघितलं, मग वाफेचं, काहीच जमलं नाही आणि शेवटी हाताचा क्रँकच बसवावा लागला, आणि १८६३ च्या सुरुवातीला ती खाडीत बुडाली. तिसरी म्हणजे हनली.

ही तिसरी मोबीलच्या पार्क अँड लायन्स नावाच्या मशीन शॉपमध्ये तयार झाली. मला हे फार आवडतं, की सरकारी गोदी नाही, मोठा कारखाना नाही, एक वर्कशॉप. वर्षानुवर्षं असं समजलं जायचं की जुना बॉयलर कापून, लांब करून ही बनवली, आणि जुन्या चित्रांमध्ये ती तशीच दिसते, जाडजूड, बोजड. गेममध्ये जी मॉडेल बघायला मिळतात त्यातली बरीच याच चित्रांवरून केलेली असतात. पण २००० साली ती समुद्रातून वर काढली तेव्हा दिसलं की बॉयलरचा काही संबंध नाही. प्लेटी मुद्दाम कापून, वाकवून, कडेला कड लावून जोडलेल्या, रिव्हेटची डोकी प्लेटमध्ये बसवून सपाट केलेली म्हणजे पाणी अडू नये, पुढचं आणि मागचं टोक निमुळतं होत गेलेलं. ज्याने हाताने रिव्हेट मारलेत त्याला विचारा हे किती मेहनतीचं काम आहे. १८६३ मध्ये, युद्धात, लोखंडाची टंचाई असताना कुणीतरी पाण्याला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून एवढी काळजी घेतली, कारण त्यांना माहीत होतं की पुढे ढकलायला इंजिन नाहीये, माणसाचे दंड आहेत. तेव्हा बांधणाऱ्या पोरांनो, पहिली गोष्ट, तिला सडपातळ करा.

आता माप. लांबी साधारण ४० फूट म्हणजे १२ मीटर, आणि आतली उंची जेमतेम ४ फूट, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा हातभरही जास्त नाही. माइनक्राफ्टचा एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, आणि खेळणारं पात्र १.८ मीटर उंच. खऱ्या मापाने बांधायला गेलं तर १२ ब्लॉक लांब आणि एक ब्लॉक उंच अशी काठी तयार होते, तिच्यात पात्र शिरतच नाही, म्हणून मोठं करायला लागतं. आमच्याकडे भांडण याच्यावरच झालं. पोरांचं म्हणणं पाचपट करू, आत मस्त फिरता येईल, दिवे लावू, खुर्च्या ठेवू. मी म्हटलं मस्त फिरता आलं तर ती हनली राहिलीच कुठे. खऱ्या पाणबुडीत एकदा माणूस आपल्या जागेवर बसला की दुसऱ्याला ओलांडून जायला वाव नव्हता, क्रँकच्या शाफ्टने मधली जागा खाल्लेली, म्हणून निम्मे पुढच्या झाकणातून आत जायचे आणि निम्मे मागच्या. बराच वाद झाल्यावर तिप्पट ठरलं. ३६ ब्लॉक लांब, बाहेरून ४ ब्लॉक उंच, वरचा खालचा पत्रा सोडला की आत २ ब्लॉक उरतात, आणि त्यात जमिनीवर अर्धे ब्लॉक म्हणजे स्लॅब टाकले की उरते दीड ब्लॉकची उंची. गेमच्या जावा एडिशन नावाच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत दीड ब्लॉकमध्ये पात्र उभं राहू शकत नाही, वाकूनच चालावं लागतं. पोरांनी पहिल्यांदा आत शिरून वाकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन बघितलं आणि आपोआप गप्प झाली, मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आत माणसं आठ. सात जण एका बाजूच्या लांब बाकावर ओळीने बसून समोरचा क्रँक फिरवणारे, तो शाफ्ट जागोजागी वाकवलेला, प्रत्येकाच्या पुढ्यात एक वाक, तोच त्याचा हँडल. मागे गिअर आणि चेन लावून पंख्याला जास्त फेरे मिळायची सोय. आठवा माणूस सगळ्यात पुढे, कमांडर, त्याच्याकडे सुकाणू, खाली वर जाण्यासाठी बाहेरच्या पात्यांचा लिव्हर, पुढच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि पंप, होकायंत्र, आणि खोली मोजायला पाऱ्याची नळी. म्हणजे एकाच वेळी एवढी कामं, तीपण मेणबत्तीच्या उजेडात. वर छतात जाड काचेच्या छोट्या खिडक्या होत्या पण रात्री त्यांचा काय उपयोग. सात जणांनी ताकद लावून शांत पाण्यात ताशी चार मैलांच्या आसपास वेग मिळायचा. ओहोटीबरोबर बाहेर जायचं आणि भरतीबरोबर परत यायचं, समुद्र उलटा असला तर दंडाने तो कापता यायचा नाही.

क्रँक कसा दाखवायचा या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं की साध्या गेममध्ये फिरणारा शाफ्ट होत नाही, मॉड म्हणजे बाहेरून जोडायचे जादा भाग टाकावे लागतात, आणि मला मॉडशिवाय करायचं होतं कारण सगळ्या पोरांकडे ते नसतात. आम्ही लोखंडी साखळीचे ब्लॉक आडवे लावून शाफ्ट केला, जिने लावून बाक केला, आणि प्रत्येक जागेवर एक आर्मर स्टँड, म्हणजे चिलखत अडकवायचा माणसासारखा सांगाडा. आठही ठेवले. नुसता रिकामा बाक असला की बघणारा म्हणतो "अरे वा, भारी", आणि आठ आकृत्या दाटीने उभ्या दिसल्या की म्हणतो "एवढे जण? इथे?" हा दुसरा प्रश्न पडला पाहिजे.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे ते बॅलास्ट टाक्यांचं. पाणबुडी बुडते आणि वर येते ती या टाक्यांमुळे, व्हॉल्व्ह उघडून पाणी आत घ्यायचं की ती जड होते आणि खाली जाते, हातपंपाने पाणी बाहेर फेकलं की हलकी होऊन वर येते. तत्त्व आजही तेच आहे, आपल्या माझगाव डॉकमध्ये कलवरी, खांदेरी, वागशीर अशा ज्या पाणबुड्या बांधल्या त्यातही बॅलास्ट टाक्याच आहेत, फक्त तिथे दाबाखालची हवा पाणी बाहेर ढकलते. हनलीत एक टाकी पुढच्या टोकाला, एक मागच्या. आणि या टाक्यांच्या भिंती छतापर्यंत नेलेल्या नव्हत्या. वरून उघड्या. म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर पाणी भिंतीवरून सरळ माणसांच्या जागेत.

आणि तेच झालं. १५ ऑक्टोबर १८६३, चार्ल्सटन बंदर, दक्षिण कॅरोलिना. सरावासाठी आपल्याच एका जहाजाखालून बुडी मारून जायचं होतं आणि त्या दिवशी कमांडरच्या जागेवर खुद्द होरेस हनली बसला होता. पाणबुडी खाली गेली ती आलीच नाही, नाक चिखलात रुतलेलं, आठच्या आठ जण गेले. नंतर वर काढली तेव्हा पुढचा व्हॉल्व्ह उघडा सापडला. तळाला लोखंडाची वजनं बोल्टने लावलेली होती, संकटात आतून बोल्ट फिरवून ती सोडून द्यायची सोय होती, तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. मी पोरांना ट्रेनिंगमध्ये कायम सांगतो की व्हॉल्व्हला असा काहीतरी इंडिकेटर पाहिजे की अंधारात हात लावून कळलं पाहिजे उघडा आहे का बंद, आणि टाकी असेल तर तिचं पाणी माणसाकडे येता कामा नये, आता त्याच्या जोडीला हनलीचा किस्सा सांगतो आणि तो त्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

साधारण ९ फॅदम पाणी होतं, म्हणजे १६ मीटर. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर दीड किलोच्या वर दाब, झाकण दोन हजार चौरस सेंटिमीटर धरलं तरी त्यावर तीन टनांच्या वर वजन. खालून ढकलून ते उघडणार कसं. याच्या बारा वर्षं आधी, १ फेब्रुवारी १८५१ ला, जर्मनीत कील बंदरात विल्हेल्म बाउअरची 'ब्रांडटाउखर' अशीच तळाला जाऊन बसली होती, तीपण माणसाच्या ताकदीवर चालणारी, आत तीन जण. बाउअरने साथीदारांना पटवलं की पाणी बाहेर काढायच्या मागे लागू नका, उलट आत येऊ द्या, आतली हवा दाबली जाऊन दोन्हीकडचा दाब सारखा झाला की झाकण उघडेल. तसंच झालं आणि तिघंही जिवंत वर आले. ही गोष्ट मला हनलीपेक्षाही जास्त वेळा आठवते, काय डोकं शांत असेल त्या माणसाचं. ब्रांडटाउखर आजही आहे, ड्रेस्डेनच्या लष्करी म्युझियममध्ये ठेवलीय.

गेममध्ये मात्र हे काहीच होत नाही आणि इथेच मोठ्या माणसाने शेजारी बसायची गरज आहे. माइनक्राफ्टच्या पाण्याला दाब नाही. दार लावलं की समुद्र बाहेर थांबतो, कितीही खोल असा. आणि बंद खोलीतली हवा कधी संपत नाही, मेणबत्ती लावली की लावली, जन्मभर जळते. खऱ्या हनलीत मेणबत्ती हेच घड्याळ होतं. ती बांधण्यात आणि चालवण्यात ज्याचा हात होता त्या विल्यम अलेक्झांडर नावाच्या इंजिनिअरने नंतर लिहून ठेवलंय की त्यांनी एकदा मुद्दाम तळाला बसून किती वेळ निघतो ते बघितलं, पंचवीसेक मिनिटांत मेणबत्ती विझली, आणि त्यानंतरही ते अंधारात बसून राहिले, एकूण अडीच तासांच्या वर. पोरांनी यावर रेडस्टोनची, म्हणजे गेममधल्या विजेची, युक्ती काढली, हॉपर नावाच्या नरसाळ्यासारख्या ब्लॉकचं घड्याळ लावलं आणि ठरावीक वेळाने सगळे दिवे एकदम जातात. टाकीसाठी डिस्पेन्सरमध्ये, म्हणजे आतली वस्तू बाहेर टाकणाऱ्या ब्लॉकमध्ये, पाण्याची बादली ठेवली, लिव्हर ओढला की पाणी अर्ध्या भिंतीवरून बाकाखाली येतं. हे दोन बदल केल्यावर मॉडेल जिवंत झालं असं मी म्हणेन. नुसतं बघण्यासारखं राहिलं नाही, समजण्यासारखं झालं.

होरेस हनली बुडाला त्याआधीचा अपघातही विसरू नये. २९ ऑगस्ट १८६३, चार्ल्सटनला रेल्वेने आणून पंधरा-वीस दिवसही झाले नव्हते, फोर्ट जॉन्सनच्या धक्क्याजवळ दोन्ही झाकणं उघडी असताना पाणी शिरलं आणि पाच जण गेले. म्हणजे शत्रूला हात लावायच्या आधीच तेरा. चार्ल्सटनचा दक्षिणेचा सेनापती जनरल बोरेगार्ड, त्याने शेवटी अट घातली की बुडी मारायची नाही, पाण्याच्या पातळीलगत चालवा. आधीची पद्धत अशी होती की मागे लांब दोरीला स्फोटकाचं पिंप बांधायचं, जहाजाखालून पलीकडे जायचं, म्हणजे पिंप येऊन जहाजाला आदळेल. त्यात दोरी पंख्यात अडकायची नाहीतर पिंप लाटांवर आपल्याच अंगावर यायची भीती, म्हणून ते सोडून पुढे लोखंडी दांडा लावला आणि दांड्याच्या टोकाला १३५ पौंड म्हणजे साधारण ६१ किलो बंदुकीची काळी दारू भरलेला तांब्याचा डबा. बऱ्याच चित्रांत हा दांडा वरच्या अंगाला दाखवतात, खरा तो नाकाच्या खालच्या बाजूला होता, सोळा फुटांच्या आसपास, तिप्पट मापात १५ ब्लॉक. टोकाला तांब्याचा ब्लॉक लावा, गेममध्येही तांबं हळूहळू हिरवं पडतं, ते छान दिसतं.

१७ फेब्रुवारी १८६४ ची रात्र. लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन आणि सात जण सलिव्हन्स आयलंडच्या टोकाच्या ब्रीच इनलेटमधून निघाले. समोर 'हाऊसॅटॉनिक' नावाचं उत्तरेचं लढाऊ जहाज, वाफेवर आणि शिडावर चालणारं, साठ मीटरच्या वर लांब. रात्री पावणेनऊच्या सुमाराला पहारेकऱ्याला पाण्यात काहीतरी दिसलं, बंदुका चालवल्या, पण तोफा एवढ्या जवळ आणि एवढ्या खाली वळेनात. डबा फुटला, जहाज पाच मिनिटांच्या आत बुडालं. पाणी उथळ होतं, खलाशी डोलकाठीच्या दोरांवर चढून बसले आणि वाचले, पाच जण मेले. हनली मात्र परत आलीच नाही.

ती कुठे गेली हे कळायला १९९५ उजाडलं, आणि ८ ऑगस्ट २००० ला क्रेनने अलगद वर काढली. आतला गाळ महिनोन्‌महिने हळूहळू काढला. आणि आत काय दिसलं तर आठही जण आपापल्या जागेवर. झाकणाकडे धावाधाव नाही, एकमेकांवर पडलेले नाहीत. तळाची वजनं सोडलेली नाहीत. डिक्सनजवळ त्याचं सोन्याचं नाणं मिळालं, शायलोच्या लढाईत ६ एप्रिल १८६२ ला गोळी लागून वाकलेलं, त्या नाण्यामुळे पाय आणि जीव वाचला म्हणून त्याने त्यावर कोरून घेतलं होतं. हाडांच्या तपासणीतून कळलं की आठातले निम्मे युरोपात जन्मलेले होते.

मग मेले कसे? दांडा तपासताना टोकाला तांब्याच्या डब्याचे अवशेष मिळाले, म्हणजे डबा सोडून मागे येऊन फोडला नाही, दांड्याला असतानाच फुटला, पाणबुडीपासून वीस फुटांच्या आत. २०१७ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रेचल लान्स यांनी छोटी प्रतिकृती करून तळ्यात दारू फोडून प्रयोग केले आणि मांडलं की स्फोटाची लाट पत्रा न फोडता आत गेली आणि माणसं बसल्या जागी गेली. सगळ्यांना हे मान्य नाही, अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागातल्या लोकांनी हरकत घेतली, हवा संपली असेल किंवा पाणी शिरलं असेल असंही म्हणणारे आहेत.

आता बघा हं. माइनक्राफ्टमध्ये टीएनटी म्हणजे स्फोटकाचा ब्लॉक पाण्यात फुटला तर एकही ब्लॉक तुटत नाही, पण जवळ कुणी जिवंत असेल तर त्याला इजा होते. गेम बनवणाऱ्यांनी हे काही हनलीसाठी केलेलं नाही, पण पोरांनी नाकालगत पाण्यात टीएनटी पेटवला आणि शेजारी पाण्यातच एक कोंबडी ठेवली होती, पाणबुडी जशीच्या तशी आणि कोंबडी गेली. भाचा म्हणाला, "मामा, पत्रा ठीक आहे मग आतले कसे गेले?" हा तोच प्रश्न आहे ज्यावर संशोधक भांडतायत, आणि तो एका तेरा वर्षांच्या पोराला स्वतःहून पडला. मी त्याला लाटेबद्दल सांगितलं, पाणी फारसं दाबलं जात नाही म्हणून धक्का कसा लांब जातो, हवेतला आणि पाण्यातला स्फोट वेगळा कसा. शाळेच्या पुस्तकातून हे शिकवायला मला फार वेळ लागला असता. म्हणून जे लोक सरसकट म्हणतात की गेम म्हणजे डोकं बाद करायचा धंदा, त्यांच्याशी माझं पटत नाही. मोबाइल हातात देऊन निघून गेलात तर होतं तसं. शेजारी बसलात तर नाही होत.

पण एक गोष्ट गेममध्ये कुठल्याच ब्लॉकने दाखवता येत नाही आणि ती सांगितल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. ही माणसं कुणासाठी लढत होती. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी. चार्ल्सटन हे उत्तर अमेरिकेतलं गुलामांच्या व्यापाराचं सगळ्यात मोठं बंदर, आणि ज्या सलिव्हन्स आयलंडवरून हनली निघाली त्याच बेटावर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना उतरवून रोगराईच्या भीतीने वेगळं ठेवत. डिक्सन आणि त्याचे साथी शूर होते यात मला शंका नाही, दोनदा बुडालेल्या, मेलेल्यांना बाहेर काढून धुतलेल्या नळीत परत जाऊन बसायला काळीज लागतं. पण ज्या जहाजाला त्यांनी बुडवलं ते नाकेबंदीवर होतं आणि ती नाकेबंदी टिकली म्हणून गुलामगिरी संपायला मदत झाली. पोरांना हे दोन्ही एकदम सांगता येतं. त्यांना कळतं. आपणच उगाच घाबरतो की लहान आहेत, गोंधळतील. नुसतं "पहिली पाणबुडी, केवढे धाडसी" एवढंच सांगून सोडलं तर ते अर्धं सांगणं झालं आणि अर्धं सांगितलेलं पोरं मोठेपणी कुठून कुठून पूर्ण करून घेतात ते आपण बघतोच आहोत.

म्हणून माझा आग्रह आहे की हनलीच्या शेजारी, त्याच बंदरात, 'प्लँटर'पण बांधली पाहिजे. ही दक्षिणेच्या सैन्याची मालवाहू आगबोट, बाजूला मोठी पाण्याची चाकं असलेली. तिच्यावर रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गुलाम सुकाणू धरायचा, सगळं बंदर त्याला पाठ होतं. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना, त्याने आणि बाकीच्या गुलाम खलाशांनी बोट सुरू केली, वाटेत एका धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं, कॅप्टनची टोपी घालून तो कॅप्टनसारखा उभा राहिला आणि प्रत्येक किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचा बरोबर इशारा देत देत फोर्ट सम्टरच्या तोफांखालून बाहेर पडला. मग पांढरी चादर वर चढवली आणि बोट नाकेबंदीवरच्या जहाजांच्या ताब्यात दिली. पुढे हाच स्मॉल्स अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. हनलीच्या दीड पावणेदोन वर्षं आधी, त्याच पाण्यातून, त्याच नाकेबंदीच्या दिशेने. आमच्याकडच्या पोरींना प्लँटर हनलीपेक्षा जास्त आवडली आणि त्यांनी ती आधीच करायला घेतलीय, चाकं गोल कशी करायची यावर जोरात चर्चा चालू आहे.

तर विनंती अशी. आपल्या मुलांच्या पानावर कोडी असतात, चित्रं रंगवायला असतात, विज्ञानाचे प्रयोग असतात, ते सगळं चालू ठेवा, पण महिन्यातून एकदा असं एक बांधकाम द्या, ज्यात खरी मापं असतील, आतला छेद असेल, आणि ते कुणी, कशासाठी, कुणाच्या जिवावर बांधलं ते असेल. गेम कुठलाही चालेल, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही ते पुठ्ठ्याचं करतील, मापं तीच. फक्त बाहेरचं चित्र देऊ नका. टाक्यांच्या अर्ध्या भिंती, व्हॉल्व्हची जागा, तळाची वजनं, बाक, दोन झाकणं, हवा घ्यायच्या दोन नळ्या, हे सगळं दिसलं पाहिजे, आणि ज्यांनी गेममध्ये काही वेगळी युक्ती काढली असेल त्यांची पत्रं छापा, विशेषतः मॉडशिवाय फिरणारा क्रँक कुणी केला असेल तर ते मला फार बघायचंय.

हनलीचा आतला छेद मी ग्राफ पेपरवर काढून या पत्राला जोडला आहे, एक चौकोन म्हणजे एक ब्लॉक, तिप्पट मापाने. पुढची टाकी लाल पेन्सिलीने दाखवलीय. छापताना रंग जमत नसेल तर तेवढा भाग आडव्या रेघा मारून दाखवा, पण टाकीची भिंत छताला टेकलेली दाखवू नका, ड्रॉइंग करणारे सवयीने ती वरपर्यंत नेतात.

आपला एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)